नीळ: बियाण्यापासून पंच्यापर्यंत

वाण्याकडे नीळ मागितली की तो पांढऱ्या कपड्यांना द्यायची पुडी नाहीतर बाटली पुढे करतो. ती घेऊ नका. पुडीतली नीळ म्हणजे बहुतेक वेळा अल्ट्रामरीन, भट्टीत तयार केलेली खनिज भुकटी. कपड्याचा पिवळेपणा झाकायचा आणि पुढच्या धुण्यात निघून जायचं, एवढंच तिचं काम. मेंदीच्या पुड्यांशेजारी ‘इंडिगो पावडर’ नावाची हिरवट पूड मिळते. ती खऱ्या झाडाचीच असते, पण नुसता वाळवून दळलेला पाला. केसांना चालते. मी पहिल्यांदा तीच अर्धा किलो आणली, वडीच्या मापाने पिंपात घातली आणि दोन दिवस पालकाच्या सारासारखं पाणी ढवळत बसले.

कापडासाठी लागते ती तिसरी: पाला पाण्यात भिजवून, ते पाणी घुसळून, तळाशी बसलेला साका वाळवून केलेली वडी, किंवा त्या वडीची पूड. रंग जवळजवळ काळा. वडीवर नखाने जोरात घासा. तांब्यासारखी लकाकी आली तर माल बरा.

झाड लावण्यापासून कापड रंगवण्यापर्यंत सगळं घरी होतं. क्रम मात्र मी चुकवला तसा चुकवू नका. बी जूनमध्ये पेरा, आणि पाला हाती येईपर्यंतचे तीन महिने विकतच्या शंभर ग्रॅम निळीवर पिंप लावायला, म्हणजे पिंपात रंगवायचं पाणी तयार करायला, शिका. लागलेलं पिंप कसं दिसतं, कधी रुसतं, हे माहीत नसताना स्वतःचा पाला हातात आला की तो वाया जातो. माझा पहिला बारा किलो तसाच गेला, ते पुढे सांगते.

झाड ओळखताना

आपल्याला हवं ते झुडूप म्हणजे इंडिगोफेरा टिंक्टोरिया. कमरेएवढं, फार तर छातीएवढं वाढतं. संयुक्त पान, समोरासमोर लहान लंबगोल पर्णिका, पानाच्या बगलेत गुलाबीसर फुलांचे तुरे, आणि नंतर बारीक, गोलसर, किंचित वाकलेल्या शेंगांचे झुबके.

गोंधळ होतो तो शरपुंख्याशी. काही भागांत त्याला उन्हाळी म्हणतात. माळावर, रस्त्याच्या कडेला सर्रास दिसतं, तेही शेंगवर्गीय, पानं दुरून अगदी तशीच. एका नर्सरीतून मी हौसेने नीळ म्हणून सहा रोपं आणली, चार महिने वाढवली, आणि ती सहाही शरपुंखा निघाली. आता मी दोन गोष्टी बघते. पर्णिकेचं टोक एका चिमटीत, देठाकडची बाजू दुसऱ्या चिमटीत धरून ओढायचं. शरपुंख्याची पर्णिका बाणाच्या पिसाऱ्यासारखी इंग्रजी व्हीच्या आकारात फाटते. नावही त्यावरूनच पडलंय. निळीची तशी फाटत नाही. ही झाली झटपट परीक्षा. पक्की परीक्षा अशी: मूठभर ताजा पाला काचेच्या बरणीत कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी पानं काढून टाका, पाण्यात चिमूटभर चुना घाला आणि झाकण लावून जोरजोरात हलवा. फेस निळा झाला तर झाड खरं.

पेरणी

बी बारीक आणि कवच टणक. तसंच पेरलं तर दहातलं एखादं उगवतं, बाकीची पुढच्या पावसाळ्याची वाट बघतात. वाटीत बी घ्या, उकळी येऊन मिनिटभर निवलेलं पाणी वरून ओता आणि रात्रभर राहू द्या. सकाळी जी फुगली असतील ती लगेच पेरा. न फुगलेली चाळून काढा, दोन पॉलिश पेपरांच्या मध्ये हलकेच घासा आणि पुन्हा भिजवा. आठवडाभरात कोंब दिसायला हवेत.

मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला की पेरणी. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीतही चालतं. जमिनीत दोन ओळींत दीड फूट आणि दोन रोपांत एक फूट अंतर पुरतं. झाडाला ऊन भरपूर हवं आणि मुळाशी पाणी साचलेलं अजिबात खपत नाही, त्यामुळे काळ्या जमिनीत गादीवाफ्यावरच लावा. सुरुवातीला शेणखत दिलं की पुरे. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र स्वतःच धरतात, युरियाची गरज नाही. तमिळनाडूत भाताच्या खाचरांना हिरवळीचं खत म्हणूनही हे पीक घेतात. कुंडीत लावणार असाल तर बारा इंचाहून लहान कुंडी घेऊ नका आणि एका कुंडीत एकच रोप ठेवा.

आता एक हिशोब, म्हणजे नंतर निराशा नको. ताज्या पाल्यातून वाळलेली नीळ साधारण पाव ते अर्धा टक्का निघते, नवख्याला पाव टक्काच. कुंडीतलं एक झाड एका छाटणीला पाव किलो पाला देईल. म्हणजे गच्चीवरच्या वीस कुंड्या, पाच किलो पाला, आणि हाती दहा-पंधरा ग्रॅम नीळ. त्यात दोन-तीन रुमाल मध्यम निळे होतात. वर्षाला दोन, नशीब असेल तर तीन छाटण्या. साडी रंगवायची असेल तर जमीन लागते.

ही जमीन कोणाची आणि कोणाच्या मर्जीने, यावरून या झाडाचा इतिहास बराच कडू आहे. बिहारमधल्या चंपारणात मळेवाल्यांनी कुळांवर जमिनीच्या दर वीस कठ्ठ्यांतले (कठ्ठा हे तिथलं जमिनीचं माप) तीन कठ्ठे निळीखाली ठेवायची सक्ती केली होती. जर्मनीची कारखान्यात केलेली नीळ १८९७मध्ये बाजारात आली, झाडाच्या निळीचा भाव कोसळला, तेव्हा त्याच मळेवाल्यांनी या सक्तीतून मोकळं करण्याच्या बदल्यात कुळांकडून वाढीव खंड आणि रकमा उकळल्या. १९१७मध्ये गांधीजी तिथे गेले ते यासाठी. आपल्याकडे नगर-सोलापूर भागात निळीने कापड रंगवणाऱ्यांची निराळी नावाची वेगळी जातच होती. आज हे नाव बहुतेकांना फक्त ‘वेगळी’ या अर्थाने माहीत आहे.

पिंपात नेमकं काय होतं

हे एकदा नीट समजलं की पुढची अर्धी डोकेदुखी संपते. नीळ पाण्यात विरघळत नाही. कितीही उकळा, ती धुळीसारखी तरंगते आणि खाली बसते. कापडात ती शिरायची तर तिच्यातला ऑक्सिजनचा संबंध तात्पुरता तोडावा लागतो. चुन्यामुळे अल्कधर्मी झालेल्या पाण्यात फळातली साखर हे काम करते. निळेपणा जातो, पाणी पिवळसर-हिरवं होतं आणि आता नीळ विरघळते. या पाण्यात कापड बुडवलं की ती धाग्यात शिरते, बाहेर काढलं की हवा लागून तिथल्या तिथे पुन्हा निळी होते आणि अडकून बसते. सगळं गणित हवेशी आहे: पिंपात हवा जाऊ द्यायची नाही, कापडाला मात्र भरपूर द्यायची.

म्हणूनच इथे तुरटी लागत नाही. नैसर्गिक रंगांच्या प्रत्येक कृतीत तुरटी असते म्हणून लोक इथेही घालतात. लाल रंगाच्या मंजिष्ठेला ती हवीच, निळीला तिचा काडीचा उपयोग नाही.

कापडाची तयारी

पहिल्यांदा सुती कापडच घ्या. मांजरपाट उत्तम, हातमागाचा पंचाही छान. रेशमाला आणि लोकरीला इतका चुना सोसत नाही, त्यांचं पिंप वेगळं, सौम्य असतं, तेव्हा आजीचं लुगडं कपाटातच राहू द्या.

नव्या कापडावर खळ असते, तेल-मेण असतं. ते काढल्याशिवाय रंग डागाडागांनी चढतो. अर्धा किलो कापडाला दोन चमचे धुण्याचा सोडा आणि चमचाभर साधा साबण, कापड मोकळं हलेल एवढं पाणी, आणि तासभर मंद उकळी. मांजरपाटाचं पाणी चहासारखं होतं, घाबरू नका. ते ओतून स्वच्छ पाण्यात खळबळून घ्या. झालं की नाही बघायला वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाका. क्षणात शोषला गेला तर तयार, मोत्यासारखा बसून राहिला तर पुन्हा उकळा.

दहा लिटरचं पिंप

नीळ ३० ग्रॅम, विझवलेला चुना ६० ग्रॅम, फ्रुक्टोज म्हणजे फळसाखर ९० ग्रॅम. एक, दोन, तीन असं हे प्रमाण आहे, त्यामुळे विसरायला होत नाही. फ्रुक्टोज बेकरीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं.

गूळ चालतो का, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. चालतो, पण वेगळ्या चालीने. गुळात मुख्यतः ऊसाची साखर असते आणि ती स्वतः हे काम करत नाही. जंतूंनी ती आंबवावी लागते, त्याला दिवस लागतात आणि पिंप उबेत ठेवावं लागतं. नवख्याने पहिलं पिंप फळसाखरेवर लावावं असं माझं ठाम मत आहे. आंबवणीचं जुनं पिंप दुसऱ्या वर्षी करा, आणि तेव्हा टाकळ्याचं बी वापरून बघा. दक्षिणेतले रंगारी टाकळ्याचं बी शिजवून चुन्याबरोबर पिंपात घालत आले आहेत. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करून खातो आणि उरलेल्याला तण म्हणून उपटतो, तोच टाकळा.

चुन्याबद्दल दोन शब्द. कळीचा चुना थेट पिंपात टाकायचा नाही. पाणी लागताच तो उसळतो आणि भाजतो. विझवलेल्या चुन्याची पूड घ्या. पानाचा चुना वापरलात तर त्यात पाणी असतं, म्हणून वजन दीडपट-दुप्पट धरा. हातमोजे आणि चष्मा घाला, मुलांना लांब ठेवा. डोळ्यात गेलाच तर वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा. भांडं स्टीलचं किंवा प्लास्टिकचं, उंच आणि तोंडाने अरुंद घ्या. ॲल्युमिनियमचं नको, चुना ते खातो. आणि एकदा निळीला वापरलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नाही.

झाकणाच्या बाटलीत नीळ, थोडं कोमट पाणी आणि सात-आठ काचेच्या गोट्या घालून दहा मिनिटं खळखळवा. बोटांत चोळल्यावर रवा लागता कामा नये, काजळासारखी लागली पाहिजे. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि लोक हीच गाळतात. मग रवा तळाशी बसतो आणि पैसे तिथेच.

पिंपात आठ लिटर चांगलं गरम, हात घालवणार नाही असं पाणी घ्या. त्यात फळसाखर विरघळवा, मग निळीचं काजळ ओता. चुना वेगळ्या भांड्यात पाण्यात कालवून हळूहळू सोडा आणि वर पाणी घालून दहा लिटर करा. लांब काठीने एकाच दिशेने सावकाश फिरवा. ताक घुसळल्यासारखं नको, फेस आला म्हणजे हवा गेली. झाकण ठेवा. पहिले दोन तास दर वीस मिनिटांनी असंच हलकेच ढवळा. मध्येच मोह होतो सारखं उघडून बघायचा, तेवढा आवरा.

पिंप लागलं हे कसं ओळखायचं? वर तांब्याच्या रंगाचा चकचकीत तवंग येतो, मधोमध जांभळट-निळ्या फेसाचा गुच्छ जमतो. तवंग चमच्याने बाजूला केला की खालचं पाणी निळं दिसत नाही. पिवळसर-हिरवं, कधी पार मधासारखं दिसतं. पहिल्या दिवशी हे बघून माझ्या बहिणीला वाटलं की सगळं फसलं. ‘अगं, निळं कुठंय यात?’ तेच तर हवं असतं.

शक्यतो रात्रभर राहू द्या, सकाळी बाहेरून गरम पाण्यात ठेवून कोमट करा. तळाशी चुन्याचा साका बसलेला असेल. तो ढवळायचा नाही, कापडाला लागू द्यायचा नाही. त्यासाठी मी भाजीची नायलॉनची जाळी पिंपात मध्यावर बांधून टाकते.

बुडी

कापड साध्या पाण्यात पूर्ण भिजवून घट्ट पिळून घ्या. कोरड्या कापडात हवा असते, ती पिंपात जाते. वरचा फेस काढून वाटीत ठेवा. कापड भांड्याच्या कडेने हळूच आत सरकवा आणि पाण्याखालीच हाताने घड्या उलगडत राहा, म्हणजे कुठे चिकटून पांढरं राहणार नाही. पहिली बुडी दहा मिनिटं, पुढच्या पाच-पाच.

बाहेर काढतानाची सवय सगळ्यांत महत्त्वाची. कापड पाण्याखालीच पिळून, एकाच हालचालीत उचलून लगेच बाजूच्या बादलीवर न्या. उंच धरून पिंपातच टपटप निथळवलंत तर प्रत्येक थेंब सोबत हवा घेऊन आत पडतो. मी चार रुमालांत एक चांगलं पिंप असंच मारलं होतं.

आणि मग ते बघण्यासारखं असतं. कापड बाहेर येतं तेव्हा पोपटी. घड्या उलगडता उलगडता कडेने हिरवं गडद होत जातं, मग मोरपिशी, आणि जिथे बोटांनी धरलंय तिथे अजून पोपटीच, कारण तिथे हवा लागलेली नाही. बोटं हलवली की तीही जागा डोळ्यांदेखत निळी होते. दहा-पंधरा मिनिटं दोरीवर सावलीत राहू द्या, मधून बाजू बदला, आणि पूर्ण निळं झाल्यावरच पुन्हा बुडवा.

गडद रंग हवा म्हणून कापड तासभर पिंपात ठेवण्याचा काही उपयोग नाही. रंग बुड्यांच्या संख्येने चढतो. तीन बुड्यांना आभाळी, पाच-सहाला जीन्ससारखा, दहा-बाराला रात्रीसारखा. ओल्या कापडाचा रंग वाळल्यावर चांगला दोन पट्ट्या उतरतो, तेव्हा मनात असेल त्याहून एक-दोन बुड्या जास्तच द्या.

नक्षी हवी असेल तर पहिल्या दिवशी मेण, ठसे यांच्या नादी लागू नका. कापडात हरभरे ठेवून वरून सुती दोरा करकचून बांधा. पांढरी वर्तुळं उमटतात आणि फसलं तरी बरं दिसतं. अजरखवाले, म्हणजे ठशांनी अजरख कापड छापणारे कारागीर, चुना आणि डिंक यांच्या लगद्याचे ठसे मारून हीच जागा पांढरी राखतात. कच्छमध्ये धमडका आणि अजरखपूरला जाऊन ते बघण्यासारखं आहे. त्यांच्या हाताची सफाई यायला पिढ्या लागतात.

रंगवल्यानंतर

त्याच दिवशी साबणाने धुवायची घाई नको. एक दिवस सावलीत वाळू द्या. मग दहा लिटर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून कापड त्यात दहा मिनिटं ठेवा. यात धाग्यातला चुना निघतो आणि कडकपणा जातो. त्यानंतर साध्या पाण्यात खळबळा, शेवटी गरम पाणी आणि सौम्य साबण. निळं पाणी जाईल. हा वरवर बसलेला, आत न शिरलेला रंग असतो. पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत धुवा. नीळ धाग्याच्या वरच्या थरात बसते, गाभ्यापर्यंत जात नाही, म्हणून घासणीच्या जागी ती वर्षानुवर्षं फिकी होत जाते. जीन्स गुडघ्यावर पांढरी पडते ती याच कारणाने.

हिरवा रंग हवा तर हेच निळं कापड तुरटी देऊन डाळिंबाच्या सालीच्या पिवळ्या काढ्यात घाला. काळा हवा तर हिरड्याचा काढा आणि गंजलेल्या लोखंडाचं पाणी. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातला हिरडा यासाठी फार चांगला. पण तो वेगळा उद्योग आहे.

पिंप रुसलं तर

पाणी अपारदर्शक निळं झालंय, तवंग नाही: हवा गेलीय किंवा साखर संपलीय. पिंप कोमट करा, पंधरा ग्रॅम फळसाखर घाला, हलकेच ढवळा, तासभर सोडा. त्यानेही हललं नाही तर पीएच कागद बुडवा. दहाच्या खाली आला असेल तर पाच-दहा ग्रॅम चुना. दोन्ही एकदम ओतू नका, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. पाणी छान पिवळं, तवंगही आहे, पण कापड फिकंच राहतं: पिंप ठणठणीत आहे, नीळ संपलीय. पुन्हा काजळ करून घाला. थंडीत पिंप आळसावतं. डिसेंबरमध्ये मी ते जुन्या गोधडीत गुंडाळते.

नीट सांभाळलेलं पिंप महिनाभर सहज चालतं. शेवटी टाकून द्यायचं झालं तर हवेत जोरजोरात ढवळून उरलेली नीळ तळाशी बसू द्या आणि ती काढून ठेवा. वरचं पाणी व्हिनेगर घालून नरम करा आणि मगच भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा. कुंड्यांना ओतू नका.

स्वतःचा पाला

सप्टेंबरच्या सुमारास, पेरल्यापासून नव्वद ते शंभर दिवसांनी, कळ्या दिसू लागल्या की छाटणी. पानांत रंगाचा माल याच वेळी भरपूर असतो, शेंगा धरल्या की उतरतो. सकाळी लवकर, जमिनीपासून वीतभर खोड ठेवून कापा. खोडव्याची छाटणी दीड-दोन महिन्यांनी पुन्हा येते. कापलेला पाला त्याच सकाळी पाण्यात गेला पाहिजे. ढिगात पडून तापला की गेला.

पाला आणि कोवळे शेंडे ड्रममध्ये दाबून भरा, वर जाळी आणि स्वच्छ दगड ठेवा आणि पाला पूर्ण बुडेल एवढं पाणी घाला. आता घड्याळाकडे बघायचं. आपल्या हवेत बारा ते अठरा तास लागतात. दहाव्या तासापासून दर तासाला झाकण उघडा. पाणी आधी पिवळट, मग हिरवं, आणि नेमक्या वेळी मोरचुदाची झाक असलेलं चमकदार हिरवट दिसतं. पृष्ठभागावर निळसर तवंग, कडेला बारीक बुडबुडे, वास गोडसर-आंबूस.

माझ्या त्या बारा किलोच्या वेळी बाहेर ऑक्टोबर हीट होती, मला एका लग्नाला जायचं होतं, आणि वाटलं की जास्त भिजलं तर जास्त नीळ निघेल. परतले तो दोन दिवस झालेले. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातच भेटल्या. ‘उंदीर-बिंदीर मेलाय का गं वर कुठं?’ ड्रममध्ये राखाडी, शेणकाल्यासारखं पाणी होतं. चुना घातला, तासभर घुसळलं, खाली बसला तो करडा चिखल. कापडावर त्याचा डागसुद्धा पडला नाही. थोडं आधी काढलं तर नीळ थोडी कमी निघते. उशीर झाला तर काहीच निघत नाही.

वेळ साधली की पाला बाहेर काढा आणि पाणी पंचातून गाळा. लिटरला दोन-तीन ग्रॅम चुना पाण्यात कालवून घाला, जास्त नको, जास्तीचा चुना निळीतच मिसळून बसतो. आणि इथे आतापर्यंतच्या सगळ्याच्या उलट: हवा हवी, भरपूर हवी. एका बादलीतून दुसऱ्या बादलीत उंचावरून ओता, पुन्हा उलट. वीस मिनिटं ते अर्धा तास, दंड भरून येतात. फेस आधी हिरवा, मग आकाशी, मग गडद निळा होतो, आणि शेवटी विरायला लागतो. फेस टिकेनासा झाला की थांबा.

रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी वर चहाच्या रंगाची निवळी आणि खाली निळा साका. नळीने निवळी काढून टाका, साक्यावर स्वच्छ पाणी घाला, पुन्हा बसू द्या, असं दोनदा करा. मग साका दुपदरी मलमलीत घालून चक्क्यासारखा टांगा. पाणी निथळून गेलं की उरलेला गोळा तसाच पिंपात वापरता येतो. ठेवायचा असेल तर ताटात पसरून सावलीत वाळवा, ओला राहिला तर बुरशी धरतो. भिजून राहिलेला पाला फेकू नका, कंपोस्टला याच्यासारखं दुसरं काही नाही.

दोन झाडं मात्र छाटणीतून वगळा, अगदी तजेलदार असतील ती दोन. त्यांच्या शेंगा हिवाळ्यात तपकिरी होतात आणि उन्हात तडकायला लागतात, त्यामुळे तडकण्याआधीच झुबके कापून कागदी पिशवीत भरा, वाळल्यावर पिशवी काठीने बडवा आणि पाखडा. बी काचेच्या बाटलीत, अंधारात. बाटलीवर वर्ष लिहा, आणि शेजारी ‘शरपुंखा नव्हे’ असंही.